योजनांमागील अभ्यासक : सामाजिक धोरण-संशोधनाचे कार्यक्षेत्र

शासनाची एखादी कल्याणकारी योजना गावात पोहोचते ती शासन निर्णयाच्या स्वरूपात. लाभार्थी कोणास म्हणावे, उत्पन्नाची मर्यादा किती असावी, साहाय्य रोख द्यावे की वस्तुरूपाने, ते कुटुंबातील कोणाच्या नावे द्यावे, हे सर्व त्यात नमूद केलेले असते. ग्रामसभेत यादीवर चर्चा होते, नाव वगळल्याबद्दल तक्रारी होतात. परंतु मर्यादेचा तो आकडा आला कोठून, असा प्रश्न सहसा कोणी उपस्थित करीत नाही. वस्तुतः अशा आकड्यांमागे कोणीतरी घरोघर फिरून केलेली विचारपूस, तिचे कोष्टकीकरण आणि त्यावरील वादविवाद असतो. निदान असावयास हवा. तो नसेल तेथे अंदाजावर काम भागविले जाते, आणि अंदाज चुकला तर त्याची झळ यादीत नाव नसलेल्या कुटुंबाला बसते.

हे काम करणाऱ्यांचा आता एक स्वतंत्र व्यवसाय झालेला आहे. त्यास सामाजिक धोरण-संशोधन असे म्हटले जाते. दारिद्र्य, रोजगार, आरोग्य, शिक्षण, पोषण, घरे, स्त्रियांची स्थिती, आदिवासी व मागासवर्गीयांचे प्रश्न यांविषयी वस्तुस्थिती गोळा करणे, चालू योजनांचे मूल्यमापन करणे आणि पुढील निर्णयासाठी ती माहिती उपयोगी पडेल अशा रीतीने मांडणे, असे या कामाचे सर्वसाधारण स्वरूप आहे. ग्रामीण भागातील पदवीधरांना मात्र या क्षेत्राची फारशी माहिती नसते. अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र घेऊन पदवी मिळविलेला तरुण शिक्षकाची किंवा कारकुनाची जागा शोधतो. आपल्याच गावाची नीट मोजणी करणे हेही उपजीविकेचे साधन होऊ शकते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

पिंपळे सौदागर ते वाई

महाराष्ट्रात या कामाला शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांसह पुण्यानजीकच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी केली व ती १९१७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. माती व पाणी तपासण्याची सवय असलेल्या या शास्त्रज्ञाने तीच शिस्त शेतकऱ्याच्या जमाखर्चाला लावली. जमीन किती, तिचे तुकडे किती, कर्ज किती, शेतीबाहेरची मिळकत किती, हे त्यांनी घरनिहाय टिपले. १७७१ मध्ये या गावातील धारण जमिनीची सरासरी सुमारे ४० एकर होती, ती १९१४-१५ पर्यंत सुमारे ७ एकरांवर आली, असे त्यांनी दाखवून दिले. पुणे शहर जवळ असल्याने हे गाव प्रातिनिधिक नाही, असा आक्षेप निघण्याजोगा होता. तेव्हा शहरापासून दूर असलेल्या, कोरडवाहू शेतीच्या जातेगाव बुद्रुक या गावाची अशीच पाहणी करण्यात आली व ती १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली. आक्षेपाला शब्दांनी उत्तर न देता दुसऱ्या गावाची मोजणी करून उत्तर देण्याची ही पद्धत आजच्या संशोधकांनीही ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्याच सुमारास, १९१८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भारतातील लहान धारणक्षेत्रांच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे एकत्र करावेत, असे मत त्या काळी बळावत होते. आंबेडकरांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. शेत लहान की मोठे हे केवळ एकरांवरून ठरत नाही, तर त्या शेतासाठी भांडवल व अवजारे किती उपलब्ध आहेत यावरून ठरते. जमिनीवर विसंबून असलेल्या जादा लोकसंख्येला उद्योगधंद्यांत सामावून घेतल्याखेरीज शेतीचे दुखणे बरे होणार नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे १९४७ मध्ये मुंबई राज्यात तुकडेबंदी व तुकडेजोड कायदा झाला. त्याच्या अंमलबजावणीतून उद्‌भवलेले वाद तलाठी कार्यालयात वर्षानुवर्षे चालू राहिले, हे पंचायत सदस्यांना सांगावयास नको. मोजणी एक असली तरी तिचा अर्थ लावण्याचे मार्ग अनेक असतात आणि कोणता मार्ग स्वीकारला यावर कायद्याचे स्वरूप अवलंबून राहते.

१९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या संस्थेचे पहिले संचालक प्रा. धनंजयराव गाडगीळ होत. वाई तालुक्यातील शेती-व्यवसायाची पाहणी, पुणे शहराची सामाजिक व आर्थिक पाहणी अशी कामे त्यांच्या मार्गदर्शनाखाली झाली. गाडगीळ केवळ अहवाल लिहून थांबले नाहीत. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटील यांच्याबरोबर त्यांचा प्रत्यक्ष सहभाग होता व कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष होते. पुढे ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. अभ्यासिका, कारखाना आणि नियोजन भवन अशा तिन्ही ठिकाणी वावरलेली अशी माणसे फार थोडी आहेत.

याच संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर व प्रा. नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्याविषयीचा अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. दररोज माणशी २,२५० उष्मांक मिळतील इतका आहार घेणाऱ्या कुटुंबाचा एकूण खर्च किती, हे पाहून त्यांनी १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागासाठी दरमहा माणशी १५ रुपये व शहरी भागासाठी २२ रुपये ५० पैसे अशी किमान पातळी धरली. या हिशेबाने त्या वर्षी ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के व शहरी भागातील सुमारे ५० टक्के लोक किमान पातळीच्या खाली होते. दारिद्र्यरेषा हा आज खेडोपाडी रुळलेला शब्द अशा प्रकारच्या हिशेबांतून आलेला आहे. पुढे १९९३ मध्ये लकडावाला समितीने व २००९ मध्ये प्रा. सुरेश तेंडुलकर समितीने हा हिशेब नव्याने मांडला. दरवेळी पद्धत बदलली आणि दरवेळी गरिबांची संख्याही बदलली. उपजीविकेला काय लागते, हा प्रश्न गणिताइतकाच विवेकाचाही आहे, हे यावरून दिसते.

रोजगार हमी : कसोटीचे उदाहरण

संशोधन आणि धोरण यांचे नाते सरळ रेषेतले असते, असा समज करून घेणे योग्य होणार नाही. रोजगार हमी योजनेचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. या योजनेचे जनक वि. स. पागे हे सार्वजनिक कार्यकर्ते होते. त्यांच्या कल्पनेनुसार १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात प्रायोगिक स्वरूपाचे काम झाले. त्यानंतर १९७२ चा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांपर्यंत गेली होती. मागेल त्याला काम देता येते, हे या अनुभवाने सिद्ध झाले. १९७७ मध्ये रोजगार हमी कायदा संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

योजना जन्मास घालण्याचे श्रेय संशोधकांकडे जात नाही. तिची परीक्षा घेण्याचे काम मात्र त्यांनी केले. नियोजन आयोगाची कार्यक्रम मूल्यमापन संघटना आणि राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय यांनी संयुक्त मूल्यमापन करून १९८० मध्ये अहवाल दिला. त्याच वर्षी गोखले संस्थेतील कुमुदिनी दांडेकर व मंजू साठे यांचा योजनेवरील अभ्यासही प्रसिद्ध झाला. कामावर येतात ते खरोखर भूमिहीन आहेत की अल्पभूधारक, वर्षातून किती दिवस काम मिळते, त्यांत स्त्रिया किती, मजुरी हातात किती पडते, असे प्रश्न थेट कामाच्या जागी जाऊन विचारले गेले. हजेरीपटावरील नाव आणि टिकाव घेऊन उभा असलेला मजूर यांची गाठ घालून पाहणे, हेच अशा मूल्यमापनाचे मर्म होय. २००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा दीर्घ अनुभव आणि त्यावरील अभ्यास देशापुढे तयार होते.

न नोंदलेले मृत्यू

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने केलेले काम हे दुसरे उदाहरण. तान्ह्या मुलांचे मृत्यू का होतात, हे शोधण्यापूर्वी ते किती होतात, हे कळणे आवश्यक होते. नाव ठेवण्यापूर्वीच दगावलेल्या बाळाची नोंद करण्यास कोणी जात नाही, आणि अशी नोंद वाढली तर आपल्यावर ठपका येईल, ही भीती कर्मचाऱ्याच्या मनात असते. संस्थेने गावोगावी जन्म व मृत्यू मोजण्याची स्वतःची व्यवस्था उभी केली. त्यानंतर ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांकरवी नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग झाला व ४७ गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांतील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ पासून आशा कार्यकर्तींमार्फत देशभर राबविण्यात आलेल्या गृहाधारित नवजात बालक सेवेचा पाया या प्रयोगात आहे.

दरम्यान, राज्यातील स्वयंसेवी संस्थांनी मिळून केलेला 'कोवळी पानगळ' हा अहवाल २००१ मध्ये पुढे आला. प्रत्यक्ष बालमृत्यू सरकारी नोंदीपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे त्यात दाखविण्यात आले होते. शासनाने त्यानंतर डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. टीकाकारालाच मोजणीचे काम सोपविण्याचा हा निर्णय प्रशासनाच्या दृष्टीने अवघड, पण उचित होता.

काम चालते कसे

या व्यवसायातील बराचसा वेळ प्रश्नावली तयार करण्यात व ती भरून घेण्यात जातो. बाहेरून हे सोपे वाटते. 'कुटुंब' हा एकच शब्द घ्यावा. एका चुलीवर जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब, अशी पाहण्यांमधील सर्वसाधारण व्याख्या आहे. आता शिधापत्रिका किंवा घरकुल मिळविण्यासाठी दोन भावांनी कागदावर चूल वेगळी केलेली असते, तर स्वयंपाक एकत्रच होत असतो. अन्वेषकाने काय लिहावे? पुस्तकात याचे उत्तर आहे; दारात उभे राहिल्यावर ते तितकेसे स्पष्ट राहात नाही. 'नमुना' या शब्दाचीही अशीच गंमत आहे. संख्याशास्त्रात समूहातून निवडलेला प्रातिनिधिक भाग म्हणजे नमुना; ग्रामपंचायतीच्या दप्तरात मात्र नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. 'तुमच्या गावाचा नमुना घ्यावयाचा आहे' असे नवख्या अन्वेषकाने म्हणताच कपाट उघडले गेले, तर त्यात नवल नाही.

प्रश्न विचारण्याचा काळही निर्णायक ठरतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात व हंगाम संपल्यावर परततात. जानेवारीत पाहणी झाली तर त्यांची घरे कुलूपबंद आढळतात. अन्वेषक शेजारचे घर घेऊन संख्या पुरी करतो आणि ज्यांच्या मुलांची शाळा बुडते, नेमकी तीच कुटुंबे शिक्षणाच्या आकडेवारीतून निसटतात. आकडे बिनचूक जुळतात, पण चित्र चुकते.

किती दिवसांपूर्वीचा खर्च विचारावा, यावर तर देशभर वाद झालेला आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५५व्या फेरीत (१९९९-२०००) अन्नावरील खर्च त्याच कुटुंबांना मागील ७ दिवसांचा आणि मागील ३० दिवसांचा असा दोन्ही प्रकारे विचारण्यात आला. एका उत्तराची छाया दुसऱ्यावर पडली आणि त्या वर्षीच्या दारिद्र्याच्या आकड्यांची आधीच्या वर्षांशी तुलना करता येईना. दारिद्र्य किती घटले यावर अर्थशास्त्रज्ञांचे वाद पुढे अनेक वर्षे चालले, आणि मूळ कारण प्रश्नावलीतील दोन रकाने होते.

शिक्षण व प्रवेशाचे मार्ग

या क्षेत्रासाठी अमुक एकच पदवी लागते, असे नाही. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, समाजशास्त्र, लोकसंख्याशास्त्र, समाजकार्य, भूगोल, लोकप्रशासन यांपैकी कोणत्याही विषयातून येता येते. मात्र टक्केवारी, सरासरी व संभाव्यता यांची भीती बाळगून चालत नाही. मुंबईतील टाटा सामाजिक विज्ञान संस्था (स्थापना १९३६) व तिचे तुळजापूर येथील ग्रामीण केंद्र, देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था (१९५६), पुण्याची गोखले संस्था, गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था (१९८७) येथे पदव्युत्तर व पुढील शिक्षणाची सोय आहे. प्रवेश परीक्षांद्वारे होतात. १९९२-९३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे सूत्रसंचालन देवनारच्या संस्थेकडे आहे. स्त्रियांच्या प्रश्नांच्या अभ्यासासाठी श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात १९७४ मध्ये प्रा. नीरा देसाई यांच्या पुढाकाराने संशोधन केंद्र सुरू झाले. देशातील अशा प्रकारच्या आरंभीच्या केंद्रांपैकी ते एक होय.

शासकीय सेवेत शिरण्याचे मार्ग निश्चित आहेत. भारतीय आर्थिक सेवा व भारतीय सांख्यिकी सेवा या दोन्ही सेवांसाठी केंद्रीय लोकसेवा आयोग परीक्षा घेतो. पहिलीसाठी अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी लागते. दुसरीसाठी संख्याशास्त्रासह पदवीही चालते. राज्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालय आणि त्याची जिल्हा कार्यालये आहेत. याखेरीज पुण्याची आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आपल्या विषयात संशोधन करते. बार्टी, सारथी व महाज्योती या संस्था संबंधित समाजघटकांतील संशोधक विद्यार्थ्यांना अधिछात्रवृत्ती देतात. १९६९ मध्ये स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदही अधिछात्रवृत्त्या देते. गाडगीळ हे तिचे पहिले अध्यक्ष आणि शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे सदस्य-सचिव होते. अध्यापनाकडे वळू इच्छिणाऱ्यांना नेट किंवा सेट परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते.

स्वयंसेवी संस्था व खाजगी पाहणी संस्था यांत संधी अधिक आहेत, परंतु स्थैर्य कमी. अन्वेषकाची नेमणूक पाहणीपुरती, म्हणजे काही महिन्यांची असते. प्रवास, उन्हातान्हातील पायपीट, रात्रीचा मुक्काम आणि भरलेल्या प्रश्नावलींची संख्या पुरी करण्याचा तगादा, यांची कल्पना आधीच असलेली बरी. माता व बालआरोग्यासारख्या विषयांवर स्त्रियांची मुलाखत स्त्री अन्वेषकांनीच घ्यावयाची असते. तेव्हा पदवीधर मुलींची या कामात नेहमीच गरज भासते, पण त्यांच्या निवासाची व सुरक्षिततेची व्यवस्था सगळीकडे सारखी नसते. माहिती गोळा करणाऱ्याचे मानधन आणि अहवालावर नाव असणाऱ्याचे वेतन यांतील अंतर ही या व्यवसायातील जुनी उणीव आहे. आकड्यांचा खरेखोटेपणा शेवटी दारात उभ्या असलेल्या माणसावर अवलंबून असल्याने, हे अंतर केवळ न्यायाच्याच नव्हे, तर अचूकतेच्या दृष्टीनेही कमी व्हावयास हवे.

ग्रामीण व आदिवासी भागातील उमेदवारांकडे एक भांडवल असे असते, जे कोणत्याही महाविद्यालयात मिळत नाही. मेळघाटात कोरकू, भामरागडला माडिया, धडगावला पावरी किंवा भिली समजणारा अन्वेषक दुभाष्यावाचून काम करतो. दुभाषा बहुधा गावातला वजनदार माणूस असतो आणि त्याच्या देखत मजूर आपली खरी मजुरी सांगत नाही.

दप्तर आणि शाळा

या साखळीचा पहिला दुवा गावातच असतो. ग्रामीण भागात ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, हेच जन्म-मृत्यूचे निबंधक असतात. शाळेचा हजेरीपट, अंगणवाडीतील वजनाची नोंद, रोजगार हमीचे हजेरीपट हे संशोधकाचे मूळ साहित्य होय. कुपोषित बालकाचे वजन अर्ध्या किलोने वाढवून लिहिले, तर वरिष्ठांचा प्रश्न टळतो. पण त्या गावाला मिळावयाचा आहारही त्याबरोबर टळतो. वाईट आकडा पाठविणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षा न होता मदत मिळते, असा अनुभव आला तरच खरे आकडे येतील. याची जबाबदारी तालुका व जिल्हा पातळीवरील अधिकाऱ्यांची आहे.

पाहणीला आलेल्या माणसाविषयी गावात संशय असतो. कर वाढेल, शिधापत्रिका रद्द होईल, अशा वावड्या उठतात. जनगणना अधिनियम, १९४८ अन्वये जनगणनेत दिलेली वैयक्तिक माहिती गोपनीय असून ती न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाही. ही बाब सरपंचांनी ग्रामसभेत आधी सांगितली, तर प्रगणकाचे निम्मे काम हलके होते. त्याबरोबरच, कोणत्याही खाजगी पाहणीत उत्तर द्यावयाचे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार कुटुंबाचा आहे, आणि नकार देणाऱ्यास लाभ बंद होईल असे सांगणे सर्वस्वी गैर आहे, हेही सांगितले गेले पाहिजे.

अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रत्येक जिल्ह्यासाठी 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' हे प्रकाशन तयार करते. पर्जन्यमान, पिकांखालील क्षेत्र, शाळा, दवाखाने, विहिरी, पशुधन अशी तालुकानिहाय माहिती त्यात असते. अर्थशास्त्राच्या शिक्षकांनी ते उच्च माध्यमिक वर्गात न्यावे. आपल्या तालुक्यातील विहिरींचा आकडा फळ्यावर लिहावा आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या वस्तीवरील विहिरी मोजून आणावयास सांगावे. त्यांपैकी उन्हाळ्यात पाणी असणाऱ्या किती, हेही विचारावे. मोजून आणलेल्या विहिरी आणि पाण्याच्या विहिरी यांच्या संख्येत जी तफावत पडेल, तिची कारणे शोधण्यास त्याच वर्गात प्रारंभ करता येईल.